धक्क्याजवळचं शांत पाणी

कोल्हापुरात राहून मी सात-आठ वर्षं समुद्राची उंची मोजण्याचं काम केलं. हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "इथं कुठला समुद्र?" आमच्या विभागाच्या जीपचा ड्रायव्हर गडमुडशिंगीचा होता. तो माझ्याआधीच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. "समुद्र घाटाखाली हाय की. आमी वरनं बघतो."

उत्तर तसं बरोबर होतं. समुद्र वरूनच बघायचा होता, फक्त घाटावरून नव्हे, आकाशातून. एक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होता. तो खाली लहरी सोडायचा, त्या पाण्यावर आपटून परत जायच्या, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून पाणी त्याच्यापासून किती दूर आहे ते कळायचं. तो स्वतः किती उंचावर आहे हे ठाऊक असलं की उरते ती वजाबाकी. दर दहा दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेवरून जायचा. लवकरच त्याच्या जागी नवा उपग्रह येणार होता, आणि नवं यंत्र कितीही महाग असलं तरी ते तपासून घ्यावं लागतं. तपासायचं म्हणजे समुद्राची उंची खालूनही मोजायची, त्याच वाटेखाली, त्याच वेळी, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. खालून मोजायला जागा शोधणं हे आमच्याकडे आलेलं काम. किनाऱ्याच्या आमच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यात कायमच्या केंद्रासाठी एक जागा सुचवायची होती. यंत्र एकच, मंजुरीही एकच.

आम्ही म्हणजे दोघं. विभागातले ज्येष्ठ सर आणि मी. सर मूळचे कोकणातले, खाडीच्या तोंडावरच्या एका मच्छीमार गावचे. शिकायला घाट चढून आले ते इथेच राहिले. मटण इथलं आणि मासे तिथले, असा त्यांचा ठराव होता आणि त्यावर चर्चा चालत नसे. निवृत्तीला त्यांची थोडीच वर्षं राहिली होती.

माझा स्वभाव याद्यांचा. नवरा वारणानगरला नोकरीला होता आणि शनिवारी घरी यायचा, त्यामुळे घरातही माझ्या दोन याद्या असत, शनिवारच्या आधी करायच्या गोष्टींची आणि शनिवारी त्याच्यावर ढकलायच्या गोष्टींची. जागा निवडायच्या कामालाही मी तशीच यादी केली. जागा उपग्रहाच्या वाटेजवळ हवी. खाली पक्का कातळ हवा, वाळू किंवा भराव नको, कारण यंत्रच खचलं तर पाणी चढल्यासारखं दिसणार. जवळ वीज हवी. जवळच राहणारं, यंत्रावर लक्ष ठेवणारं माणूस हवं. बोटींचे धक्के बसता कामा नयेत. आणि पाणी शांत हवं, म्हणजे लाटांच्या उड्यांतून खरी पातळी काढायची मारामार नको.

ही शेवटची अट सरांनी सांगितली आणि मी बिनविरोध लिहून घेतली, कारण आम्ही दोघंही नदीवर शिकलेलो. सरांची पहिली नोकरी बंधाऱ्यावर पाण्याची पातळी नोंदवण्याची. मी पंचगंगेच्या पुराच्या कामावर भर पावसात दोन हंगाम काढले होते. कोल्हापूरच्या माणसाला पाण्याची पातळी म्हटलं की बंधाऱ्यावरची रंगवलेली पट्टी दिसते. पावसाळ्यात शहरातला निम्मा संवाद त्या पट्टीवर चालतो. नदीवर नियम सरळ आहे. खळखळत्या पाण्यात वाचलेला आकडा खोटा, आडोशाच्या शांत पाण्यात वाचलेला खरा. तोच नियम आम्ही घाटाखाली घेऊन गेलो. यंत्रसुद्धा आधी बंधाऱ्यावरच लावून बघितलं. तिथं म्हशी धुणारी दोन माणसं बराच वेळ आमच्याकडे बघत उभी होती.

"काय मोजायलाय पावणं?" एकानं ड्रायव्हरला विचारलं.

"समुद्र."

"ह्यात?"

"आदी ह्यात जमतंय का बघायचं, मग त्यात."

म्हैसवाल्याला ते पटलं. आम्हालाही पटलेलंच होतं.

पट्ट्यातल्या सगळ्या जागा आम्ही जीपने पालथ्या घातल्या. एका ठिकाणी कातळ होता पण वीज नव्हती. एका ठिकाणी दोन्ही होतं, पण बर्फाच्या कारखान्याचे ट्रक दिवसभर थरथराट करायचे. एका सुंदर पुळणीवर सगळीच वाळू. एक एक नाव खोडत आलो आणि यादीत तळाला राहिला तो सरांच्या गावचा धक्का. खाडीच्या तोंडातून जरा आत, मागे डोंगराचा आडोसा, बांधकामाचा मागचा भाग कातळावर, विजेचा खांब जवळ, आणि लक्ष ठेवायला सरांचे सख्खे थोरले भाऊ. भाऊ गावच्या रापणीचे प्रमुख. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं.

धक्का मात्र मोडकळीला आलेला. पुढचा, भरावावरचा भाग खचून कलला होता, आणि भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बायका त्या उतारावरून चालायच्या. एक-दोघी पडल्याही होत्या. दुरुस्तीचे अर्ज वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या कार्यालयात पडून होते. सर भावाला म्हणाले, इथं केंद्र झालं की केंद्रासाठी म्हणून धक्का बांधून मिळेल, तशी तरतूद असते. तरतूद होती, हे खरं. त्या दिवसापासून गाव आमची वाट बघायला लागलं. आम्ही गेलो की कुणीतरी शहाळी काढायचं, कुणीतरी जीपवरची धूळ पुसायचं. सरांचा चेहरा तिथं वेगळाच दिसायचा. कोल्हापुरात ते समुद्र नसलेल्या गावातले समुद्राचे मास्तर होते. तिथं ते धक्का आणणारे होते.

आम्ही तात्पुरतं यंत्र बसवलं आणि कायमच्या शिफारशीआधी वर्षभर चाचणी घ्यायची ठरवली. हिवाळा उत्तम गेला. जमिनीजवळ उपग्रहाच्या लहरींत किनाऱ्याचा प्रतिध्वनी मिसळतो, म्हणून तुलना आत समुद्रातल्या, त्याच्या वाटेवरच्या एका बिंदूशी करायची असते. धक्क्यावरचं पाणी त्या बिंदूसारखंच वरखाली होत होतं. भरती-ओहोटी वजा केली की दोन्ही रेषा एकमेकींना धरून चालायच्या. उन्हाळाही तसाच गेला. सरांनी शिफारशीचा मसुदा लिहायला घेतला.

मग पाऊस सुरू झाला आणि रेषा सुटल्या. काही फेऱ्यांना धक्क्यावरचं पाणी उपग्रहाच्या आकड्यापेक्षा चांगलं वीतभर वर दिसायचं. पुढच्या फेरीला पुन्हा जुळायचं. मग पुन्हा वर.

"उपग्रह चुकतोय," सर म्हणाले. त्यांना आनंदच झाला होता. "मॅडम, ह्यासाठीच तर केंद्र हवं. पावसाळी ढगांतून त्याच्या लहरी अडखळत असणार. आपण त्याला पकडलं."

मला ते पटेना, आणि का पटत नाही ते सांगताही येईना. आम्ही ज्याची चूक शोधायला बसलो होतो त्याचीच चूक सापडली होती. पण वीतभर चूक म्हणजे फारच झाली. जुना उपग्रह जगभर इतरांच्या तपासण्यांत इतका चुकत नव्हता. तो फक्त आमच्या धक्क्यासमोर आला की चुकायचा.

पावसाळ्यात आमच्याकडे वर्तमानपत्रात रोज धरण क्षेत्रातला पाऊस छापून येतो. गगनबावड्याचा आकडा सगळ्यात आधी बघायचा, ही घरोघरची सवय. तिथं किती पडला त्यावर आपल्या नदीघाटाच्या पायऱ्या बुडणार की नाही ते ठरतं. एका सकाळी तो आकडा बघत चहा घेताना माझ्या लक्षात आलं की गगनबावडा घाटाच्या अगदी माथ्यावर आहे. तिथला पाऊस काही एकट्या कोल्हापूरला मिळत नाही. माथ्याच्या अलीकडे पडलेलं पाणी आमच्या नदीला येतं आणि पलीकडे पडलेलं कोकणातल्या खाड्यांना जातं. मी पेपरची रद्दी खाली काढली. वीतभर फरकाच्या तारखा माझ्याकडे होत्याच. प्रत्येक तारखेच्या आधी गगनबावड्याला मुसळधार पाऊस होता. ज्या फेऱ्या जुळल्या होत्या, त्यांच्या आधी उघडीप होती. पंचगंगा चढली की सरांच्या गावचा धक्काही चढत होता. समुद्राला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

शांत पाणी आम्ही शोधून शोधून काढलं होतं, आणि ते शांत होतं ते आडोशामुळे. आडोशामुळेच डोंगरावरून आलेलं पाणी तिथं तुंबत होतं. नदीवर आडोशाचं पाणी नदीचंच असतं. खाडीच्या आडोशाचं पाणी समुद्राचं असेलच असं नाही. बाकी तिथला कातळ, वीज, भाऊ, सगळं पक्कं होतं. फक्त पाणीच चुकीचं होतं.

सरांना मी हे त्यांच्या खोलीत सांगितलं, पेपरची कात्रणं आणि आलेख समोर ठेवून. त्यांनी सगळं नीट बघितलं. मग म्हणाले, "वारा विसरलात. पावसाळी वारा समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकलतो."

"वारा सगळा महिना होता सर. पाणी फक्त पावसाच्या दिवसांत चढलं."

"खाडीतून येणारं पाणी एवढं असतं होय?"

"बाहेरच्या टोकावर पट्टी लावून एकाच दिवशी दोन्हीकडे वाचू. तिथंही चढलेलं दिसलं तर मी चुकले."

बाहेरचं टोक म्हणजे खाडीच्या पलीकडच्या गावचा कातळ. उघड्या समुद्रात घुसलेला, लाटा खाणारा. शांत पाण्याच्या अटीपायी आम्ही तो पहिल्याच फेरीत खोडला होता. सरांच्या गावाचं आणि त्या गावाचं रापणीच्या हद्दीवरून जुनं वाकडं होतं. लग्नकार्यातसुद्धा एकमेकांकडे बेतानंच जायचे.

सरांनी कात्रणं गोळा करून मला परत दिली. मग म्हणाले, "बायका अजून त्या उतारावरूनच चालतायत हो." तरीही पट्टी लावायला ते तयार झाले.

पुढच्या मोठ्या पावसात आम्ही खाली उतरलो. घाटात धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. "मॅडम, समुद्र वर आणून रंकाळ्याशेजारी ठेवला आसता तर सरकारचं डिझेल तरी वाचलं आसतं." सर हसले नाहीत, एरवी हसायचे. कातळाच्या पोटातल्या एका खोल कपारीत आम्ही लांब पाइप तात्पुरता बांधला, खाली बारीक भोक पाडून आणि आत पट्टी सोडून. लाटांच्या उड्या बाहेरच राहतात आणि आत पाणी हळूहळू वरखाली होतं. ही युक्ती नदीवर कधी लागली नव्हती, म्हणून आधी सुचली नाही. मी टोकावर थांबले, सर धक्क्यावर. ठरलेल्या वेळी दोघांनी वाचलं, मग ओहोटी लागेपर्यंत वाचतच राहिलो. धक्क्यावर वीतभर जास्त. टोकावर काही नाही. आणखी दोन वेळा जाऊन वाचलं, उत्तर तेच.

सरांनी मसुदा फाडला नाही. त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "जागेचं नाव बदला. बाकी भाषा चांगली झालीय, ती राहू दे."

नाव बदलणं सोपं होतं. दोन गावांना सांगणं राहिलं होतं. पावसाळा सरल्यावर, समुद्र उतरल्यावर आम्ही गेलो. जीपमध्ये मी सरांना विचारलं, भाऊंना मी सांगू का? आलेख दाखवून? ते म्हणाले, "आलेख राहू दे. त्याला मी सांगतो."

भाऊंच्या अंगणात दहा-बारा माणसं जमलेली होती. केंद्र मंजूर झालं असंच सगळ्यांना वाटत होतं. सरांनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं. "दादा, केंद्र आपल्या धक्क्यावर होत नाय. पलीकडच्या टोकार होतला."

थोरले भाऊ सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. "कित्याक?"

"आपल्या धक्क्याचा पाणी पावसात खाडीचा होता. माका समुद्राचा होया."

"मगे आधी काय बघलंस? इतकी वर्षा शिकलंस आनी आपल्या खाडीत पावसाचा पाणी येता ह्या तुका कळला नाय?"

कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "नाय कळला."

"आनी धक्को?"

"धक्को ह्येतून होवचो नाय."

एक बाई टोपली घेऊन उभी होती, ती तशीच मागल्या दारी गेली. भाऊंनी अडकित्ता खाली ठेवला. "जेवन झालेला असा. जेवा आनी मगे जा त्येंच्याकडे." जेवण सुरमईचं होतं. ड्रायव्हरनं एकदा "पावणं, कालवण लई झ्याक झालंय" म्हणून बघितलं. भाऊ म्हणाले, "मगे घे आनीक. तुका तरी कायतरी गावांदे." गावणं म्हणजे तिकडं मिळणं.

पलीकडे होडीतून जायचं होतं. आम्ही निघालो तेव्हा भाऊ उठले आणि वल्ही घेऊन होडीत बसले. का येतायत ते सरांनी विचारलं नाही, मीही नाही.

तो कातळ पलीकडच्या गावच्या देवाच्या राखणीतला. तिथं कायमचं काही करायचं तर देवाला विचारावं लागतं, आणि विचारायचं ते कौल लावून. मूर्तीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या कामांच्या यादीत ही परवानगी तहसील कार्यालयाच्या परवानगीच्या खाली होती. दोन्ही घेतल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, एवढंच मला कळत होतं. पण कौल लावायच्या आधी गावच्या मानकऱ्यांना समजावून सांगायचं असतं, आणि मानकरी पटले नाहीत तर प्रश्न देवापर्यंत जातच नाही.

देवळाच्या सभामंडपात सतरंजी घातली होती. मुख्य मानकरी सत्तरीचे, ताठ, कानात भिकबाळी. मी यंत्र काय करतं ते सांगितलं. आवाज नाही, वास नाही, माशांना काही नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग मानकऱ्यांनी सरांकडे बोट केलं.

"तुमी पलीकडचे. रापणवाल्याचो भाव."

"होय."

"येंतर चांगला असता, तर तुमी आपल्याच गावात नेला असतास. आमका कित्याक देतास?"

सभामंडपात माना हलल्या. मी याद्या करणारी बाई, पण हा प्रश्न माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. आलेख पिशवीत होते, त्यांचा इथं उपयोग नव्हता. ही माणसं पाण्याबद्दल विचारत नव्हतीच.

सर म्हणाले, "न्यायलाच बघत होतो. वर्षभर तिथंच लावून बसलो. नाही जमलं. माझ्या गावाला धक्का मिळणार होता, तो गेला. आज सकाळी अंगणात उभं राहून सांगून आलोय."

"ह्या तुमी सांगतास. आमी कसा समजूचा? उद्या ह्याच येंतर दाखवून आमची हद्द मागे सारलास तर?"

सर काय सांगणार? शब्दाला शब्द लावून काही सिद्ध होत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, झालं, आता उठायचं.

तेव्हा मागून, खांबाजवळून आवाज आला. भाऊ देवळात आलेत हे मला माहीतच नव्हतं. ते होडीपाशी थांबतील असं आम्ही धरून चाललो होतो. ओल्या पायांनी ते पुढे आले. मानकऱ्यांपासून हातभर अंतर सोडून उभे राहिले.

"माका वळाखतास?"

"न वळखूक काय झाला? रापणीत आमचो दोर तुमीच कापलात."

"कापलंय. आनी परत कापतलंय, हद्द सोडलात तर." दोन-तीन माणसं उठायला लागली. भाऊंनी हात वर केला. "पन आज त्येच्यासाठी इलंय नाय. ह्यो माजो भाव. ह्येनं माका आज माज्याच दारात, माज्याच मान्सांसमोर ना म्हणून सांगल्यान. माजो धक्को घालवल्यान. खोटा बोलूचा असता तर तो माज्याकडे बोललो असतो, तुमच्याकडे कित्याक? ह्येच्या येंतराक तुमच्या हद्दीचा काय एक पडला नाय. ह्येका समुद्राचा पानी होया, बस. मी सांगतंय. आनी माजो शब्द नको आसात तर देवाक इचारा."

मानकरी गुरवाकडे वळून म्हणाले, "पाकळ्यो भिजव रे."

गाऱ्हाणं मानकऱ्यांनीच घातलं. हात जोडून, खड्या आवाजात. "बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय आकाशात फिरनारो उपग्रह असा, तेका तुज्या समुद्राचा बरोबर माप गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा सभामंडप म्हणाला.

"ही जी काय बाय घाटावरसून इलेली असा, तिच्या कागदांक येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्येतून कोनाच्या हद्दीक धक्को लागनार असात तर आताच डावो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज भाऊंचा होता. आपल्या गावचं गेलेलं काम पलीकडच्या देवाकडून पलीकडच्यांना मागत ते उभे होते, आणि सर त्यांच्या शेजारी डोळे मिटून. ड्रायव्हर माझ्यामागे कुजबुजला, "मॅडम, आमच्यात बैलं घेतानाबी येवढं विचारत न्हाईत."

पाकळ्या बराच वेळ तशाच राहिल्या. मग उजवीकडची सरकली आणि खाली पडली. गुरवानं ती उचलून सरांच्या हातावर ठेवली. मानकऱ्यांनी भाऊंना चहा विचारला. भाऊ नको म्हणाले, मग अर्धा कप घेतला.

परत येताना होडीत वल्ही सरांनी मागितली, भाऊंनी दिली नाहीत. खाडीच्या मध्यावर ओहोटीचं पाणी जोरात बाहेर चाललं होतं, आणि भाऊ ते बरोबर कापत होते. धक्का दिसायला लागला. कललेल्या भागावर बायका टोपल्या उतरवत होत्या, एकीनं दुसरीचा हात धरला होता.

सर म्हणाले, "दादा, मी मुंबईक अर्ज करतंय धक्क्याचो. वेगळो."

"तू?" भाऊंनी वल्ही थांबवली. "तू अर्ज केलंस की त्येंका आधी समुद्र म्हंजे काय ता समजावन सांगत बसतलंस. बाईंका लिवांदे."

सर हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच. मी पिशवीतून कोरा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि भाऊंना विचारलं की धक्क्याची लांबी किती, खचलेला भाग किती, आणि त्यावरून रोज किती माणसं चालतात.